शंकरपटातील जखमी धुरकरी आणि घोडेस्वारांचा मदतनिधी

धानाची पुंजणी चुरून झाली, कोठ्या भरल्या आणि बांध्यांतल्या लाखोळीला फूल दिसू लागले, म्हणजे आमच्या साकोली, लाखनी, लाखांदूर या बाजूच्या गावांतून शंकरपटाची बोलणी सुरू होतात. पटाचा दिवस ठरला की लेकी-जावयांस निरोप जातात, घरोघर पाहुणे उतरतात, दिवसा पट व रात्री नाटक असा दुहेरी बेत होतो, आणि त्याच गर्दीत दोन-चार सोयरिकीही जुळून जातात. या गोष्टी आमच्या वाचकांस ठाऊकच आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या गोठ्यात पटाची जोडी आजही बांधलेली असेल. म्हणून पटाचे वर्णन करण्यात आम्ही जागा दवडीत नाही. आजचा आमचा विषय जोडी नसून जोडी हाकणारा धुरकरी हा आहे.

पटात बैलाचे नाव होते, बैलाच्या मालकाचे नाव होते, आणि बक्षीस देणाऱ्याचे नाव तर ध्वनिक्षेपकावरून दहा वेळा पुकारले जाते. धुरकऱ्याचे नाव जोडी जिंकली तर एकदा ऐकू येते. वास्तविक जिवाचा धोका पत्करतो तो हाच. हलका छकडा, त्यास ना कठडा ना पकडण्यास आधार, पुढे उधळलेली जोडी आणि दोहो बाजूंस माणसांची भिंत. अशा स्थितीत चाक एखाद्या ढेकळावरून उडाले तर धुरकरी कोठे जाऊन पडेल याचा नेम नसतो.

न्यायालयाची बंदी येण्यापूर्वीच्या एका माघातील गोष्ट आम्ही सांगतो. आमच्या भागातील एका गावच्या पटात दुसऱ्या दिवशी दुपारी एक जोडी शेवटच्या टप्प्यात डावीकडे ओढली गेली, चाक बांधीच्या धुऱ्यावर चढले व धुरकरी फेकला गेला. त्याची कंबर दुखावली व मांडीचे हाड मोडले. जोडी दुसऱ्याची, तो स्वतः भूमिहीन, रोजीने हाकणारा. लोक निर्दय नव्हते. कोणी दुपट्टा पसरला, त्यात नोटा पडल्या, मालकाने गाडी करून त्यास रुग्णालयात नेले, पुढे एक पोते तांदूळही त्याच्या घरी पाठविले. संध्याकाळी अंतिम फेरी झाली आणि रात्री नाटकही झाले.

त्या वर्षीच्या पट मंडळाचा हिशेब आम्हीच लिहीत होतो. नोकरी महसुलातील कारकुनाची असल्याने गावाने हे काम आमच्याकडे सोपविले होते. मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, नाटकवाल्यांचा विडा, पाहुण्यांचा चहा, प्रत्येकास सदर होते. जखमी धुरकरी या नावाचे सदर नव्हते. दुपट्ट्यातील पैसे आम्हीच मोजून दिले, पण त्यांची नोंद केली नाही, आणि पुढे काय लागेल हे विचारले नाही. ते पैसे पहिल्या पंधरवड्यातच संपले. आषाढात रोवणी लागली तेव्हा त्याची बायको एकटी दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीस जात होती, आणि तो छपरीत खाटेवर पडून होता.

पुढील हिवाळ्यात तो काठी टेकीत आमच्या टेबलाशी आला व म्हणाला, "बाबूजी, माझ्यासाठी एखादा फारम आहे काय?" आम्ही होते ते सर्व नमुने पाहिले. तो खातेदार नव्हता. त्याचा अवयव तुटला नव्हता, नुसता निकामी झाल्यासारखा होता. पूर, वीज, आग यांपैकी कशाने त्याची हानी झाली नव्हती. आम्ही "नाही" असे सांगितले. तो "बरं बाबूजी" म्हणाला व गेला. आमच्या नोकरीत आम्ही पुष्कळ अर्ज त्रुटी काढून परत केले असतील. त्यांपैकी बहुतेक आता आठवत नाहीत. हा मात्र आठवतो. नियमाप्रमाणे आमचे उत्तर बरोबर होते. परंतु ज्या हिशेबात त्याचे सदर असावयास हवे होते तो हिशेब सरकारचा नव्हता, आमच्याच गावचा होता, आणि तो आमच्याच हातचा होता.

आता मधल्या काळात काय झाले ते थोडक्यात पाहू. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीस वाट करून दिली, पण उच्च न्यायालयाने ती अडविली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे राज्यांचे कायदे वैध ठरविले. आज पट भरवावयाचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ५० हजार रुपयांची ठेव ठेवावी लागते, धाव एक हजार मीटरच्या आत ठेवावी लागते, पशुवैद्याकडून बैल तपासून घ्यावे लागतात, आणि पराणी, जिला आम्ही तुतारी म्हणतो, तिला पूर्ण मनाई आहे. अटी मोडणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे योग्यच झाले असे आमचे मत आहे. ज्या बैलाच्या जिवावर आपण पोळा साजरा करतो त्याच्या शेपटीस चावा घेणे व पाठीत आर टोचणे यात पुरुषार्थ नव्हता. परंतु या कायद्याचा विषय प्राण्यास क्लेश न व्हावे हा आहे. माणसाची मोडलेली कंबर हा त्याचा विषय नव्हे. बैलाची काळजी कायद्याने आपल्याकडून करवून घेतली. माणसाची काळजी आपणच करावयाची शिल्लक राहिली आहे.

सरकारी मदत मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाचा नोंदणीकृत खातेदार शेतकरी, व त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती, यांस अपघाती मृत्यू आल्यास किंवा दोन डोळे अथवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, व एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. वाचकांनी ही माहिती आपापल्या गावी सांगावी. परंतु या तरतुदीत दोन माणसे बसत नाहीत. एक, जो ना खातेदार ना खातेदाराच्या घरचा, असा रोजीचा धुरकरी. दुसरा, ज्याचा हातपाय तुटला नाही पण मोडला, आणि जो सहा महिने किंवा वर्षभर कामास मुकला. रुग्णालयाचा मोठा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून कदाचित निघेल. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाच्या घरी संध्याकाळी चूल पेटावयाची ती कशाने, याचे उत्तर त्या योजनेत नाही. आमच्याकडे फारम मागावयास आलेला मनुष्य या दोन्ही प्रकारांत मोडत होता.

हा प्रश्न आपल्यापुढेच प्रथम आला आहे असे नाही. घोड्यांच्या शर्यतीवाल्यांपुढे तो साठ वर्षांपूर्वी आला, आणि त्यांनी तो कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की मुंबईचे महालक्ष्मी मैदान आपल्या डोळ्यांपुढे येते. तेथे १८८३ पासून शर्यती होत आल्या, आणि पोटासाठी घोडा हाकणाऱ्या जॉकींप्रमाणेच केवळ आवडीने घोड्यावर बसणाऱ्यांचा हौशी स्वारांचा एक क्लबही तेथे आहे. पण आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती इंग्लंडातील आहे.

तेथे घोडा कुंपणांवरून उडवीत न्यावयाच्या शर्यती असतात. त्यांत पडणे हे नित्याचेच. डिसेंबर १९६३ मध्ये लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथील मैदानावर टिम ब्रुकशॉ नावाचा नामांकित जॉकी पडला व त्याचा पाठीचा कणा मोडला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९६४ मध्ये, त्याच मैदानावर ग्रँड नॅशनल या सर्वांत मोठ्या शर्यतीत पॅडी फॅरेल हा दुसरा जॉकी पडला. त्याचाही कणा मोडला. दोघेही यापुढे आपल्या पायांवर चालणार नव्हते. दोघेही त्या धंद्यावरच जगणारे होते, आणि त्या काळी मिळणारी नुकसानभरपाई अशा माणसाचा जन्मभराचा निर्वाह चालविण्यास पुरेशी नव्हती. ज्या खेळावर सरदार-उमराव व धनिक लोक अलोट पैसा उधळीत होते, त्या खेळात मोडलेल्या माणसाची अवस्था आपल्या धुरकऱ्याहून फारशी निराळी नव्हती.

तेव्हा त्या दोघांच्या नावे एक निधी गोळा करण्यात आला. आपल्याकडील दुपट्ट्यासारखाच त्याचा आरंभ झाला. भेद इतकाच की तो दुपट्टा त्यांनी संध्याकाळी गुंडाळून ठेवला नाही. १९६४ सालीच त्या दोघांपुरत्या निधीचे रूपांतर उड्यांच्या शर्यतीतील सर्व जखमी जॉकींच्या कायम निधीत झाले, आणि १९७१ पासून सपाट मैदानावर धावणारे जॉकीही त्यात घेतले गेले. नाताळाची भेटपत्रे छापून विकणे हे त्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन झाले. आजवर हजारांहून अधिक जॉकी व त्यांची कुटुंबे यांस या निधीने हात दिला आहे. २००९ साली लॅमबर्न येथे, २०१५ साली माल्टन येथे व २०१९ साली न्यूमार्केट येथे, अशी जखमी स्वारांस पुन्हा उभे करणारी तीन शुश्रूषागृहे निधीने उभारली.

यात आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. हा निधी उभा करण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत जॉन लॉरेन्स, जे पुढे लॉर्ड ओक्सी झाले, हे प्रमुख होते. हे गृहस्थ हौशी स्वार होते. लेखणीवर जगत आणि हौसेने घोडा फेकीत. १९६३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्यांचा घोडा कॅरिकबेग अगदी अखेरच्या काही हातांवर हरला व दुसरा आला. दुसऱ्या वर्षी त्याच शर्यतीत फॅरेलचा कणा मोडला. ज्या कुंपणांवरून फॅरेल गेला त्याच कुंपणांवरून हेही गेले होते. फरक इतकाच, की हे पडले असते तर त्यांचे घर उघडे पडले नसते. हा फरक त्यांनी ओळखला आणि उर्वरित आयुष्यभर, म्हणजे २०१२ साली वारेपर्यंत, या निधीची पाठराखण केली. लॅमबर्न येथील शुश्रूषागृहास त्यांचेच नाव आहे.

त्याच देशात धर्मार्थ शर्यतींचीही रीत रूढ आहे. पोटासाठी न धावणारे स्त्री-पुरुष कित्येक महिने सराव करतात, प्रत्येकजण आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणगी गोळा करतो, आणि मग मोठ्या शर्यतीच्या दिवशीच एक फेरी त्यांची होते. गुडवूड येथे २०११ पासून केवळ हौशी स्त्रियांची अशी शर्यत भरू लागली. डोंकास्टर येथे २०१० पासून निवृत्त झालेले नावाजलेले जॉकी पुन्हा एकवार घोड्यावर बसले. त्या शर्यतीतील मदत माल्टन येथील शुश्रूषागृहास झाली. प्रेक्षकांस एक फेरी अधिक पाहावयास मिळते, आणि खाटेवर पडलेल्यास औषध मिळते. यात कोणाचे काय गेले?

हे सर्व श्रीमंतांचे चोचले आहेत, ते आपल्या गावास कसे साधणार, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की शुश्रूषागृह आपल्यास साधणार नाही, पण हिशेबात एक सदर उघडणे खात्रीने साधेल. त्यासाठी आम्ही पुढील सूचना करतो.

(१) पटात येणाऱ्या प्रत्येक जोडीच्या प्रवेश शुल्काबरोबर धुरकरी निधी म्हणून वेगळी रक्कम घ्यावी व तिची पावती निराळी फाडावी. ६० जोड्या आल्या व दर जोडीस २०० रुपये घेतले, तर १२ हजार होतात.

(२) रोख बक्षिसांतून दहावा हिस्सा निधीस कापून घ्यावा, आणि हे आमंत्रणपत्रिकेवर आधीच छापावे, म्हणजे मागाहून कुरकूर होत नाही. एकूण बक्षिसे १ लाखाची असतील तर १० हजार झाले.

(३) शेवटच्या दिवशी अंतिम फेरीपूर्वी एक हौशी पट ठेवावा. त्यात रोजीचा धुरकरी नको. ज्याची जोडी त्याने स्वतः हाकावी. अंतर थोडे, डोक्यास शिरस्त्राण, आणि चढाओढ वेगाची नसून जोडी सरळ रेषेत, शांतपणे नेण्याची ठेवावी. परवानगीच्या अर्जात ही फेरी दाखवावी व मुख्य पटाच्या सर्व अटी तीसही लावाव्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक जमीनदाराने पटापूर्वी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांकडून २ हजार रुपये गोळा करून आणावे. असे १२ जण निघाले तर २४ हजार होतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात स्त्रियाही जोडी हाकतात, तेव्हा पन्नाशीच्या आतील धडधाकट मालकास यात लाजण्याचे कारण नाही. छकड्यावर एकदा स्वतः उभे राहिले म्हणजे धुरकऱ्याच्या रोजीविषयी घासाघीस करण्याची इच्छा पुष्कळ कमी होते, हा याचा दुसरा लाभ.

(४) वरील तीन रकमा मिळून एका पटाचे ४६ हजार झाले. अशी पाच गावे एकत्र आली तर एका हंगामात २ लाख ३० हजार जमतात. हे आकडे आम्ही केवळ नमुन्यादाखल मांडले आहेत. प्रत्येक गावाने आपल्या ऐपतीप्रमाणे ते बदलावे. एकेका गावाने निधी ठेवण्यापेक्षा पाच गावांनी मिळून ठेवणे बरे, कारण अपघात कोणत्या गावी होईल हे कोणी सांगू शकत नाही.

(५) निधीची संस्था रीतसर नोंदवावी, खाते बँकेत असावे, व दोघांच्या सहीशिवाय पैसा निघू नये. रोजकीर्द व खतावणी ठेवावी, आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. पटावर पैज लावणाऱ्याचा पैसा निधीत कदापि घेऊ नये. तो घेतल्यास निधीही बदनाम होईल आणि पटाची परवानगीही जाईल.

(६) मदत एकदम न देता, मनुष्य कामावर परत जाईपर्यंत दरमहा द्यावी. प्रथम दिवशी सर्वांचे मन द्रवते. खरी अडचण चौथ्या-पाचव्या महिन्यात, रोवणीच्या ऐन दिवसांत येते.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा, की धुरकरी आपल्या खुशीने छकड्यावर चढतो, त्याची जबाबदारी दुसऱ्याने का घ्यावी? त्यास आमचे उत्तर असे, की तो खुशीने चढतो हे खरे, पण त्याच्या चढण्याची मौज आपण सर्व गाव घेतो. नांगराच्या तासात गड्याचा पाय कापला तर घरधनी त्यास वाऱ्यावर सोडीत नाही. मग गावाच्या हौसेपायी कंबर मोडलेल्यास गावाने का सोडावे? दुसरा आक्षेप असा, की निधी झाला म्हणजे भांडणे होतील. होतील हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या आपल्या भागात कोहळी मंडळींनी गावोगाव तलाव बांधले, आणि त्या तलावांच्या पाण्याच्या पाळ्या आपण भांडत भांडत का होईना, पिढ्यान् पिढ्या लावीत आलो. भांडणाच्या भयाने कोणी तलाव फोडला नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे फारम विचारावयास आलेला तो मनुष्य पुढे छकड्यावर चढला नाही. परंतु पटाच्या दिवशी तो अजूनही काठी घेऊन धावेच्या कडेला येऊन बसतो, आणि कोणत्या जोडीचा डावा बैल ओढतो आहे हे सुटण्यापूर्वीच सांगतो. गेल्या हंगामात आम्ही त्याच्याजवळ बसलो व या निधीची कल्पना त्यास सांगितली. तो हसून म्हणाला, "माझं झालं बाबूजी. पण पुढच्यासाठी करा." येत्या पटाच्या हिशेबाची वही आमच्या गावाने पुन्हा आमच्याकडे दिली आहे. तिच्या पहिल्याच पानावर, मंडपाच्या सदरापूर्वी, आम्ही "धुरकरी निधी" असे सदर घातले आहे आणि आरंभीची रक्कम आमच्या निवृत्तिवेतनातून जमा केली आहे. दुसरी ओळ कोरी आहे. ज्या गावांस हे पटत असेल त्यांनी आपल्या वहीतही असे सदर उघडावे व या मासिकाच्या द्वारे कळवावे, एवढीच आमची विनंती आहे.